सावलीचं देणं

एखादी सुंदर गोष्ट कशी तयार झाली हे कळल्यावर ती पाहायला जावं का?

प्रश्न जुना आहे आणि त्याची तयार उत्तरं बाजारात भरपूर मिळतात. ‘कला वेगळी, कलेचं अर्थकारण वेगळं’ हे एक. ‘असल्या ठिकाणी पाऊलसुद्धा टाकू नये’ हे दुसरं. ही दोन्ही उत्तरं मी आलटून पालटून घालून पाहिली आणि दोन्ही अंगाला बसली नाहीत. येत्या डिसेंबरात मी आठवडाभर अबू धाबीला मावसबहिणीकडे जाणार आहे. तिच्या घरापासून अर्ध्या तासावर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. त्याला १८० मीटर व्यासाचा घुमट आहे.

अबू धाबीच्या किनाऱ्यालगत सादियात नावाचं बेट आहे. नावाचा अर्थ साधारण ‘सुखाचं बेट’. तिथे ११ नोव्हेंबर २०१७ रोजी लुव्र अबू धाबी हे संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. रचना फ्रेंच वास्तुविशारद ज्याँ नुव्हेल यांची. पांढऱ्या ठोकळ्यांसारख्या ५५ लहान इमारती, त्यांतल्या काही पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या, आणि त्यांच्यातल्या बऱ्याचशा भागावर एकच पसरट घुमट. त्याचं वजन सुमारे ७,५०० टन, म्हणजे आयफेल टॉवरच्या आसपास. हा सगळा भार फक्त चार आधारांवर आहे आणि ते आधार इमारतींच्या पोटात लपवलेले आहेत. त्यामुळे घुमट नुसता तरंगतोय असं वाटतं. तो भरीवही नाही. लहानमोठ्या ७,८५० ताऱ्यांची जाळी आठ थरांत एकावर एक बसवली आहे. वाळवंटातलं ऊन या आठ गाळण्यांतून उतरतं आणि खाली जमिनीवर, भिंतींवर, माणसांच्या अंगावर कवडसे फिरत राहतात. यामागची कल्पना खजुराच्या झावळ्यांमधून झिरपणाऱ्या उन्हाची. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. आमच्या अंगणात माडाखाली हे रोज फुकट चालतं.

आत पुरातन मूर्तींपासून आजच्या चित्रांपर्यंत सगळं आहे. शेवटच्या दालनांत समकालीन कला आहे. तिथलं आय वेवे या चिनी कलावंताचं ‘फाउंटन ऑफ लाइट’ मी इतक्या फोटोंत पाहिलंय की ते आमच्या दिवाणखान्यातच असावं असं वाटतं. काचेच्या लोलकांचं, उजळलेल्या झुंबरासारखं, चक्राकार वर जाणारं शिल्प. त्याचा आकार घेतलाय व्लादिमीर तातलिन या रशियन कलावंताच्या मनोऱ्यावरून. तो मनोरा जगभरच्या कामगारांच्या क्रांतीचं स्मारक म्हणून १९१९-२० मध्ये कल्पिला गेला आणि कधीच बांधला गेला नाही. कामगारांचा न बांधलेला मनोरा कामगारांनी बांधलेल्या घुमटाखाली झुंबर होऊन उभा आहे. आय वेवेंच्या मनात नेमकं काय होतं याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. ते शिल्प तिथे आहे एवढं पुरेसं बोलकं आहे.

बेटाची दुसरी बाजू

२००९ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने या बेटावरच्या बांधकामांबद्दल अहवाल काढला. घुमट तेव्हा उभा राहायचा होता. अहवालाला नाव बेटाच्याच अर्थाचं दिलं होतं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा देशांतून आलेल्या मजुरांशी बोलून त्यांनी जे मांडलं, ते आखातात जाऊन आलेल्या कोणत्याही घराला नवीन नव्हतं. माणूस गावात कर्ज काढून एजंटाला पैसे देतो. तिथे पोचल्यावर कळतं की पगार सांगितल्यापेक्षा कमी आहे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात जातो. ‘कफाला’ नावाच्या पद्धतीत व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे काम आवडलं नाही म्हणून दुसरीकडे जाता येत नाही आणि कर्ज फिटेपर्यंत घरीही येता येत नाही. यात कुणी कुणाला साखळदंड घातलेले नसतात. साखळदंडाचं काम कर्जच करतं.

बरं, यानंतर काहीच झालं नाही असंही नाही. बेट विकसित करणाऱ्या सरकारी कंपनीने ठेकेदारांसाठी नियम केले, कामगारांसाठी बेटावर वसाहत बांधली, बाहेरच्या लेखापरीक्षकांना देखरेखीला बसवलं. २०१५च्या पुढच्या अहवालात ह्यूमन राइट्स वॉचनेच काही सुधारणा मान्य केल्या. सोबत हेही लिहिलं की एजंटाला दिलेले पैसे अनेकांना परत मिळालेले नाहीत, काहींचे पासपोर्ट अजून अडकलेले आहेत आणि संप केल्यावर काहीशे कामगारांना देशाबाहेर पाठवलं गेलं. २०१६पासून अमिरातीत नोकरी बदलण्याचे नियम सैल झाले, २०२२पासून नवा कामगार कायदा आला. पासपोर्ट काढून घेणं बेकायदा आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. स्वतंत्र कामगार संघटना मात्र काढता येत नाही.

या शेवटच्या दोन नियमांपाशी मी बराच वेळ थांबले. घुमटाचं एक कौतुक असं सांगतात की त्याच्या सावलीत बाहेरच्यापेक्षा काही अंश कमी तापमान असतं. म्हणजे आपण पाहायला जातो ती मुळात एक प्रचंड सावली आहे. आणि ती बांधणारा माणूस, ती पूर्ण होईपर्यंत, उन्हातच असतो.

सोवळं

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती तिथे बारा वर्षं हिशेबनीस आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, मग माझ्या घरीपण येऊ नकोस. माझी बिल्डिंग काय देवदूतांनी बांधली? तू विमानतळावर उतरशील तो कुणी बांधला?”

ताईचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. तो आणखी ताणला तर पुण्यापर्यंत येतो. मी राहते त्या इमारतीचा स्लॅब ज्यांनी ओतला ती माणसं शेजारच्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्यांत राहत होती, हे आमच्या सोसायटीतल्या पहिल्या रहिवाशांना आठवतं. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेला १८ ते ६० वयाचा माणूस मंडळाकडे नोंदणी करू शकतो. आमच्या समोर सध्या बावीस मजली इमारत चढतेय. तिथल्या किती जणांची नोंदणी आहे, हे विचारायला आमच्यापैकी एकही जण रस्ता ओलांडून गेलेला नाही. आम्ही फक्त धुळीची तक्रार केली.

इथे बहुतेक लोक वाद संपवतात. ‘सगळंच तसं आहे, मग कशाला विचार करायचा?’ मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. दहा जणांचं देणं बाकी असलं म्हणून अकराव्याचं माफ होत नाही. मात्र ताईच्या प्रश्नाने माझ्या मनातली एक गोष्ट उघडी पाडली. ‘जाऊ नये’ असं म्हणताना मला नेमकं काय हवं होतं? त्या मजुराचा पगार, की माझे हात स्वच्छ?

आपल्याकडे या दुसऱ्या इच्छेला फार जुना शब्द आहे: सोवळं. सोवळ्यातल्या माणसाचा हिशेब स्पर्शाचा असतो. कशाला शिवलो, कशाला नाही, कुणाच्या हातचं पाणी प्यायलो. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगाकडे. समोरच्याच्या पोटात काही गेलं का, हा त्याचा प्रश्नच नसतो. या हिशेबाने आपल्या समाजात किती माणसं बाहेर उभी केली, हे मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे नैतिकतेच्या नावाखाली तोच हिशेब नव्या कपड्यांत परत येताना दिसला की मी सावध होते. अमुक ब्रँड घालत नाही, तमुक ॲप ठेवत नाही, त्या संग्रहालयात जात नाही. या प्रत्येक निर्णयामागे चांगलं कारण असू शकतं. पण कारण ‘मला विटाळ होईल’ एवढंच असेल, तर त्या निर्णयाचा लाभार्थी मी एकटीच आहे.

हा प्रश्न विटाळाचा नसून देण्याचा आहे, असं समजून पाहिलं की बऱ्याच गोष्टी जागेवर येतात. ताजमहाल किंवा पिरॅमिड पाहताना आपण मजुरांचा विचार करून हळहळतो आणि पुढे जातो, ते का? काळाने सगळं धुऊन टाकलं म्हणून नव्हे. ज्यांना द्यायचं राहिलं ते आता घ्यायला उरले नाहीत म्हणून. सादियातच्या बाबतीत तसं नाही. घेणारे हयात आहेत. त्यांच्यापैकी कुणी आज केरळमध्ये असेल, कुणी बिहारमध्ये, कुणी दुसऱ्या देशात दुसऱ्या इमारतीवर. इमारत जुनी व्हायची वाट पाहून हे देणं फिटत नाही.

बहिष्कार आणि न जाणं

मग बहिष्काराचं काय? ती तर देण्याच्या वसुलीचीच एक रीत आहे.

त्याच बेटावर गुगेनहाइम अबू धाबी या समकालीन कलेच्या संग्रहालयाची घोषणा २००६ साली झाली होती. रचना फ्रँक गेरी यांची. मार्च २०११मध्ये १३०हून अधिक कलावंतांनी जाहीर केलं की कामगारांच्या हक्कांची हमी मिळेपर्यंत आम्ही या संग्रहालयाला सहकार्य करणार नाही. ‘गल्फ लेबर’ या नावाने ही मोहीम पुढे अनेक वर्षं चालली. तिची किंमतही मोजावी लागली. २०१५मध्ये लेबनीज कलावंत वालिद राद यांना अमिरातीत प्रवेश नाकारला गेला आणि मुंबईचे कलावंत अशोक सुकुमारन यांना व्हिसा मिळाला नाही. २०१६मध्ये गुगेनहाइमने मोहिमेशी बोलणी थांबवली.

यातून बहिष्कार म्हणजे काय ते नीट दिसतं. त्यात मागणी होती: भरतीचे पैसे परत करा, देखरेख स्वतंत्र ठेवा. त्यात सोबत होती. तो कधी संपणार हे ठरलेलं होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे बहिष्कार घालणाऱ्यांकडे अशी वस्तू होती जी समोरच्याला हवी होती. समकालीन कलेच्या संग्रहालयाला समकालीन कलावंतांशिवाय चालत नाही.

माझ्याकडे काय आहे? लुव्र अबू धाबी उघडलं तेव्हा तिकीट ६० दिरहम होतं. ‘लुव्र’ हे नाव तीस वर्षं वापरण्यासाठी अबू धाबीने फ्रान्सला ४० कोटी युरो देण्याचा करार २००७ साली केला. जिथे नुसत्या नावाची ही किंमत आहे, तिथे माझे ६० दिरहम न मिळाल्याने कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी कुणाला न सांगता घरी बसले, तर तो बहिष्कार नाही. तो उपास आहे. उपासाला माझा विरोध नाही, पण त्याने दुसऱ्याचं पोट भरत नाही.

पण एक गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती तुमच्याकडेही आहे. आपल्या हातातला फोन. अशा इमारतींना तिकिटाच्या पैशांपेक्षा फोटो जास्त लागतात. घुमट बांधण्यामागे जगाने या शहराकडे वेगळ्या नजरेने पाहावं ही इच्छा असते, आणि ती नजर रोज हजारो स्टोरी-रील्समधून आपण पुरवतो. तिथे न गेलेलेसुद्धा पुरवतात. मी कधी अबू धाबीला पाय न ठेवता त्या कवडशांच्या किती रील्सना लाइक दिलंय, मोजलं नाही. ‘जावं की नाही’ यावर आपण भांडत बसतो तेव्हा खरा व्यवहार आधीच होऊन गेलेला असतो.

याच फोनचा दुसरा उपयोगही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सुकुमारन ज्या गटाचे आहेत त्या मुंबईच्या ‘कॅम्प’ने २०१३ साली ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा चित्रपट केला. कच्छच्या आखातातून अरबी आखाताकडे माल नेणाऱ्या गलबतांवरच्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ, त्यांनीच त्यांवर चढवलेली गाणी, हे त्यातलं मुख्य सामान. ज्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही त्यांच्या हातात कॅमेरा असला की समुद्र कसा दिसतो, ते त्यात कळतं. घुमटाच्या रील्समध्ये मला नेमकं हेच सापडत नाही. चित्रपट संपल्यावर चहा देणाऱ्या मुलाचंही नाव पडद्यावर येऊन जातं. इमारतीला अशी पाटी नसते. एका माणसाचं नाव येतं आणि दिवे लागतात.

सेंट्रिंग

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात शेजारच्या वाडीत एक चाचा राहतात. चौदा वर्षं आखातात सेंट्रिंगचं काम केलेले. स्लॅब ओतण्याआधी फळ्या, टेकू, पत्रे लावून त्याचा साचा उभा करायचा, काँक्रीट घट्ट झालं की सगळं काढून घ्यायचं. या कामाची गंमत अशी की ते नीट झालं तर त्याची खूण राहत नाही. पोट आलेला स्लॅब दिसला तर सेंट्रिंगवाल्याची आठवण निघते, एरवी नाही.

चाचांचे पहिले दीड वर्षाचे पगार मुंबईच्या एजंटाचं कर्ज फेडण्यात गेले. वडील वारले तेव्हा पासपोर्ट साहेबाच्या कपाटात आणि साहेब सुट्टीवर. पोचेपर्यंत दफन होऊन आठ दिवस झाले होते. हे ते कधीतरी एकदा सांगतात. आणि ज्या उंच इमारतीवर त्यांनी काम केलं तिचा फोटो मात्र त्यांच्या पुढच्या खोलीत कायम आहे. आल्यागेल्याला दाखवतात, “ही माझी बिल्डिंग.” पूर्ण झाल्यावर ते तिच्या आत कधी गेलेले नाहीत.

मी त्यांना विचारलं, “चाचा, मी ते संग्रहालय बघायला जाऊ का?”

“जा की. तू गेली नाहीस म्हणून कुणाचा पगार वाढणार आहे?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण वर बघून झालं की खालीपण बघ. लादी पुसणारा पोरगा असेल, दारावरचा गार्ड असेल. त्याला विचार, पासपोर्ट कुणाकडे आहे.”

पहिल्या वाक्याने मी सुटले असते. माझ्यासारखीला हवा तसा मजूर: अभिमानी, क्षमाशील, परवानगी देणारा. पण एका चाचांचा अभिमान हा बाकीच्यांच्या वतीने दिलेला दाखला होत नाही. ज्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही तो कदाचित म्हणेल, नका जाऊ. चाचांच्या एकाच घरात भिंतीवर फोटो आहे आणि कपाटातल्या पासपोर्टची आठवणही आहे. दोन्ही खरं आहे. त्यातलं सोयीचं तेवढं उचलायचा हक्क मला नाही.

दुसरं वाक्य जास्त अवघड आहे. ऐकायला धाडसी वाटतं, पण मी आठवड्याने परत येणार आणि तो गार्ड तिथेच राहणार. माझ्या प्रश्नाची किंमत त्याने का मोजावी? म्हणून मी त्याला हे विचारणार नाही. त्याच्याशी माणसासारखं बोलेन, तो बोलला तर ऐकेन, आणि त्याचा फोटो काढणार नाही. जो प्रश्न त्याला विचारणं धोक्याचं आहे तो जिथे धोका नाही तिथे विचारणं हे माझं काम.

तशी जागा शोधायला अबू धाबीपर्यंत जावं लागत नाही. आपल्या कायद्याने परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते. आमच्या गावातून यंदाही मुलं जाणार आहेत. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गणपतीचे फोटो टाकते, तिथे ही माहिती कधी टाकली नव्हती. कर्जाची पहिली कडी वाळवंटात तयार होत नाही. ती मुंबईतल्या एखाद्या दीड खोलीच्या ऑफिसात तयार होते, आणि तिथे माझ्या शब्दाला ६० दिरहमपेक्षा जास्त वजन आहे. समोरच्या बावीस मजल्यांपुढेही आहे.

तर मी जाणार आहे. तिथल्या कामगारांनी किंवा त्यांच्या बाजूने उभ्या असलेल्यांनी उद्या प्रेक्षकांना ‘येऊ नका’ अशी हाक दिली, तर तिकीट काढलेलं असलं तरी जाणार नाही. कारण तेव्हा माझं न जाणं कुणाच्या तरी उपयोगाचं असेल. तशी हाक नसताना घरी बसणं हे फक्त माझ्या सोयीचं आहे. गेल्यावर ते कवडसे मला आवडतील याचीही खात्री आहे, आणि ते आवडल्याचं मी लपवणार नाही. सौंदर्य पाहून डोळे मिटून घेतल्याने बांधणाऱ्याचा काही सन्मान होत नाही. चाचांना विचारा. त्यांना आपली बिल्डिंग लोकांनी मान वर करून बघायला हवी आहे. आणि त्यांना त्यांचा पासपोर्टही हवा होता.

आपल्याला यांतलं एक निवडायची सवय लागली आहे, कारण एका स्टोरीत एकच भाव मावतो. सावलीत बसणाऱ्याने सावलीची निंदा करायची गरज नाही. पण ती कुणी धरली होती, त्याचं किती राहिलंय, आणि त्यातलं आपल्या हातून किती फिटू शकतं, एवढा हिशेब त्याने करायला हवा. तो हिशेब उन्हात उभं राहून करायचा असतो.